बाबारावचा नंबर

फोन वाजला तेव्हा कोकिळा कापसाच्या तासात, झाडांच्या दोन ओळींमध्ये, वाकलेली होती. कमरेची ओटी बोंडांच्या कापसाने भरत आली होती. पदराला हात पुसून तिने फोन काढला, तर पडद्यावर बाबाराव. बाबाराव म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

शेजारच्या तासातून मंजुषा डोकावली. वेचणीला येणाऱ्या बायांमध्ये हिचं तोंड सगळ्यांत मोकळं.

"अवं माय! हे त बाबारावकाका!" ती मागे सरली. "काकू, उचलू नका!"

"काहून?"

"काहून म्हन्ते बाई! गेलेलं मानूस फोन करून राह्यलं, अन् म्हन्ते काहून!"

उचलायचा म्हटलं तरी तो फोन उचलू द्यायला हवा ना. दारव्ह्याच्या दुकानातला सगळ्यांत स्वस्त फोन होता तो. काच कोपऱ्यात तडकलेली, चार्जिंगच्या भोकात कापसाचे तंतू अडकलेले, उन्हात पडदा दिसायचा नाही आणि घामाचं बोट लागलं की ऐकायचंच नाही. कोकिळा हिरवं चिन्ह ओढत राहिली, तेवढ्यात घंटी बंद पडली.

फोन बाबारावनेच घेऊन दिला होता. कोकिळाला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक नंबराला त्याने चित्र लावलं. लालसिंगच्या नंबराला त्याची काळीपिवळी जीप, डॉक्टरला इंजेक्शन, पुण्याच्या लेकीला, सुरभीला, तिचा लग्नातला फोटो. स्वतःचा फोटो त्याने स्वतःच काढला. त्यात अर्धं कपाळ कापलं गेलं आणि मागून बैलाचं शिंग आलं. "राहू दे, वळखू येते न," म्हणाला, आणि तोच ठेवला.

गुडघे गेल्यावर बाबाराव घरी बसला आणि शेत कोकिळाकडे आलं. तेव्हापासूनचा त्यांचा रिवाज ठरलेला. निघताना तिने धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, मिस कॉल द्यायचा, घंटी वाजली की त्याने चहाचं आधण ठेवायचं. ती दारात पोचेपर्यंत कप भरलेला. आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत, हे सांगून सांगून सुरभीने हात टेकले, पण बाबारावने तो फोन कधी उचलला नाही. बायकोला चहा करून देतो म्हणून गाव हसायचं. "तुमी बायकाईच्या हातचा पेता, तरी तोंडं वाकडीच," असं म्हणून तो चहात आलं ठेचायचा.

बाबाराव गेला, मिस कॉल मात्र राहिला. इतक्या वर्षांची सवय कुठे जाते? नंबर बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायची, तिचं ऐकून कोकिळा घराकडे चालू लागायची. दिवसभरात तेवढंच शहाण्यासारखं कोणी बोललं, असं तिला वाटायचं.

गेल्या आठवड्यात त्या बाईच्या जागी एकदम घंटीच वाजली. कोकिळाने घाईने फोन बंद केला. तिने कोणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लावून पाहिला. पुन्हा घंटी. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. पलीकडे कोण आहे, याचा विचार तिने मुद्दामच केला नाही. त्या दोघांचा फोन तसाही कधी कोणी उचलायचा नव्हताच.

फोन पुन्हा वाजला. या वेळी हिरवं चिन्ह सरकलं.

"हॅलो! मी मुकुटबनहून अंकुर बोलून राह्यलो. तुमी रोज सांजच्याले मले मिस कॉल कायले देता? माह्या घरी भांडन लागलं न! बायको म्हन्ते, कोन बाई हाये ते सांग."

कोकिळा तासातच खाली बसली. "हा नंबर तुह्यापाशी कसा आला, बाबू?"

"नवीन सिम घेतलं, त्याच्यात भेटला."

"बायकोले दे फोन."

थोडी कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या. "कोन?" आवाज कोवळा, पण रागात होता.

"बाई, मी कोकिळा, दारव्ह्याकडची. तो नंबर माह्या मालकाचा होता. ते वारले. मले वाटलं, नंबर त्याईचाच राह्यते. तुह्या नवऱ्याचा काई दोष नाई."

पलीकडून नुसती खरखर आली. कोकिळाला वाटलं, फोन नेहमीसारखा अडकला.

"मावशी, मी मिताली," आवाज आला. "तुमी देत जा मिस कॉल. मी काई म्हनत नाई."

"नाई वं माय. तुमचं घर आता सुरू झालं. त्याच्यात माही घंटी कायले?"

फोन ठेवून ती पुन्हा वेचायला लागली. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते तिने लपवलं नाही. मंजुषा आपला तास सोडून तिच्या तासात वेचायला आली.

त्या संध्याकाळी कोकिळाने मिस कॉल दिला नाही. घराची वाट तीच होती, पण तिला ती संपता संपेना.

बाजाराच्या दिवशी ती लालसिंगच्या जीपने दारव्ह्याला गेली. फोनच्या दुकानातल्या पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, हा नंबर उडवून टाकतो. फोटो बी जाईन त्याच्यासोबत."

"उडवू नको. फोटो राहू दे, त्याच्याखाली नंबर बदलव." तिने पिशवीतून बाबारावचा जुना बटणाचा फोन काढला. "याच्यात नवीन सिम टाक. त्याचा नंबर लाव या फोटोखाली."

"नाव काय टाकू?"

"नाव कायले पायजे? फोटो हाये न."

दुसऱ्या दिवशी वेचणी आटोपल्यावर कोकिळा धुऱ्यावर थांबली. बोट पदराला पुसून तिने त्या अर्ध्या कपाळावर ठेवलं.

"आता कोनाले लावून राह्यल्या, काकू?" मंजुषाने विचारलं.

"घरी."

"घरी कोन हाये?"

"छपरावर वानरं येतात, कवेलू फोडतात. घंटी वाजली का पळतात."

 मंजुषाने कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढे चालू लागली.

कोकिळाने घराचं कुलूप काढलं. गॅसजवळच्या फळीवर बटणाचा फोन लुकलुकत होता. त्याच्या इवल्या पडद्यावर वळलेला बाण होता, मिस कॉल आल्याची खूण. तेवढं तिला वाचता यायचं. बटण दाबून तिने तो बाण घालवला. एका कपाचं आधण ठेवलं, आणि तो फोन उद्यासाठी चार्जिंगला लावला.