मिस्त्रींची बाजू

डेपो उद्यापासून खासगी कंपनीच्या ताब्यात जाणार होता, आणि कंडक्टरबाईंना आज एकच हवं होतं. मिस्त्रींशी शेवटचं एक कडाक्याचं भांडण.

गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री आणि बाई कॅन्टीनच्या एकाच टेबलावर वर्षानुवर्षं भांडत आले होते. बाई लाल झेंड्याच्या युनियनवाल्या. मिस्त्री आताच्या सरकारचे कट्टर समर्थक, तेही त्या पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हापासूनचे. ज्याचं तोंड आधी बंद पडेल त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे, असा नियम होता. पण दोघांपैकी एकाचं तोंड बंद पडेल तर शपथ! ड्रायव्हर पैजा लावायचे, गाड्या सुटायला उशीर व्हायचा, साहेब येऊन खेकसायचे. काय दिवस होते ते! मग हे सरकार आलं आणि लोक इकडेतिकडे बघून बोलायला लागले. हळूहळू बोलायचेच थांबले. मिस्त्री तेवढे बाईंशी भांडत राहिले.

"विकला ना डेपो तुमच्या सरकारनं?" बाईंनी बसल्या बसल्या तोफ डागली. "बोला आता."

मिस्त्री उठले आणि मुकाट्यानं टेबलावरचे कप गोळा करायला लागले.

या क्षणाची बाईंनी किती वाट बघितली होती! पण ग्रीसनं काळे झालेल्या त्या हातांत उष्टे कप त्यांना बघवेनात. असं जिंकायचं नव्हतं त्यांना.

"ठेवा ते कप, बसा खाली," त्या म्हणाल्या. "विकला तर काय बिघडलं? तोटा किती होता! कंपनी नव्या गाड्या आणेल, जरा शिस्त येईल."

हीच वाक्यं मिस्त्रींनी त्यांना शंभरदा ऐकवली होती. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"शिस्त?" ते म्हणाले. "आणि डोंगरापलीकडच्या वस्तीची गाडी? जेमतेम चार माणसं असतात तिच्यात. कंपनी चालवेल?"

"परवडत नसेल तर बंद करेल. त्यात काय चुकलं?"

"काय चुकलं?" मिस्त्रींनी टेबलावर मूठ आपटली. "त्या चौघांनी काय पायी जायचं? बस म्हणजे दुकान आहे का? लोकांच्या पैशातून उभी राहिलीय, लोकांची आहे ती!"

कोपऱ्यातल्या ड्रायव्हरांनी माना वर केल्या. एकानं खुर्ची जवळ ओढली. आता बाईंना थांबून चालणार नव्हतं.

"तुम्हा लाल झेंडेवाल्यांचं हे नेहमीचंच," त्या कडाडल्या.