पास्टर गेर्शनचा हिरवा सैतान

"दिसला! सैतान दिसला!" होहोए गावाबाहेरच्या प्रार्थना-छावणीत दोनशे माणसं एकदम ओरडली. अडीच वर्षांच्या एलिकेमचा हात बुडताच काचेच्या हंडीतलं लाल पाणी काळपट हिरवं झालं होतं.

"बघा, कोकराचं पवित्र रक्त नासवलं यानं!" पास्टर गेर्शन माईकवर गरजला. "आईनं हाक मारली तर वळत नाही. नजरेला नजर देत नाही. बोट दाखवून काही मागत नाही. दिवसभर बाटल्यांची झाकणं ओळीत मांडतो. नदीतलं भूत आहे हे! चाळीस दिवस इथंच राहील. उपाशी, साखळीत!"

लोक थक्क झाले. खरं तर हे सगळं पोराची आई आकपेने हिच्या सासूबाईंनीच काल पास्टरला सांगितलं होतं.

"ठेव इथंच," त्या सुनेवर खेकसल्या. "तुझ्याच पोटातून आलंय हे."

आकपेनेनं किंचाळणारं पोर उचललं. त्याचे तळहात लालबुंद झालेले, बोटांच्या बेचक्यात पांढरी भुकटी. मघाशी गेर्शननं 'अभिषेकाची पूड' म्हणून चोळलेली. तिच्या हाताला ती बुळबुळीत लागली. हंडीला आलं-लवंगेचा वास येत होता. आकपेने बाजारात सोबोलो विकायची, लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. धुण्याच्या सोड्यानं पातेली घासताना तळाला उरलेलं सरबत रोज अस्संच हिरवं व्हायचं.

"पास्टर, हीच पूड लावून तुमचा हात बुडवा की!"

"सैतान बोलतोय हिच्या तोंडून! धरा तिला!"

कुणी धरायच्या आत तिनं पुडीचा डबा शेजारच्या, त्याच लाल पाण्यानं भरलेल्या पिंपात उपडा केला. पिंप हिरवंगार.

"आता या डब्याला कुठलं भूत लागलंय, तेही सांगा!"

पुढे बसलेली एक मासेवाली डब्यातली पूड बोटांवर चोळून ओरडली, "अगं बाई, हा तर कपड्यांचा सोडा!"

काही हसले, काहींनी शिव्या घातल्या. आकपेने पोराला घेऊन तडक सरकारी दवाखान्यात गेली. सिस्टर मावुसीनं पोराचे हात धुतले, सगळं ऐकून घेतलं.

"लक्षणं खरी आहेत, भूत खोटं. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असू शकते. आधी कान तपासू, मग मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तुझं काही चुकलेलं नाही गं."

"बरा होईल?"

"हा आजार नव्हे. मेंदूची घडण वेगळी असते. लवकर शिकवायला लागलो, तर पुष्कळ शिकेल."

आकपेने तिथंच रडली.

तुमचं मूल नावाला ओ देत नसेल, बोटानं दाखवत नसेल, आलेले शब्द विसरत असेल, तर त्याला मांत्रिकाच्या दारी नेऊ नका. दवाखान्यात न्या, आणि आजच न्या.