पाटी न वाचलेली बस

७:१०
माझे बाबा बस डेपोत वेळापत्रकं आखतात. घरातही. स्वयंपाकघराच्या दारामागे एक चिकटवलेलं आहे: उठणे, दूध, केस विंचरणे (चार मिनिटं). मी एकतीस वर्षांची झाले. केसांना अजून चारच मिनिटं.

रद्द फेऱ्या
पहिला शिक्षक. माझ्या चपलासुद्धा तोच निवडायचा. मला वाटायचं, किती जीव लावतो. माझ्याशी मोडलं, पण बाबांना अजून फोन करतो.
दुसरा दंतवैद्य. मी कुणाशी किती बोलायचं, ते ठरवायचा. ज्या दिवशी ठरवलं नाही, त्या दिवशी मला करमायचं नाही.
"तू प्रियकर शोधत नाहीस गं," मैत्रीण म्हणाली, "बाबांना रजेवर पाठवायला बदली माणूस शोधतेस."

१०:३०
डेपोसमोरचा किल्लीवाला. हा विचारतो, "तुला काय वाटतं?" मी मागे वळून बघते, कुणाला विचारतोय.
"रविवारी फिरायला जाऊ," तो म्हणाला. "कुठे, ते तू ठरव. नाही ठरवलंस तर यायचं नाही असं समजेन. पुन्हा विचारणार नाही."
मला जायचं होतं. फार जायचं होतं. तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी बाबांना विचारलं.

५:०५, रविवार, बस थांबा
मी त्याच्या हातात कागद दिला. लाल शाई. ५:०७ बस. ५:५२ तलाव. ६:०५ बाकावर बसणे. ६:२० उठणे.
"अक्षर सुबक आहे," तो म्हणाला. "बाबांचं?"
"हो."
"पंधरा मिनिटं बसून बोलायचं की गप्प राहायचं, ते नाही लिहिलं."
"विचारते." मी फोन काढलासुद्धा.
तो हसला, मग हसायचा थांबला. कागद नीट घडी करून परत दिला. "तुम्ही दोघंच जाऊन या," म्हणाला आणि दुकानाकडे चालू लागला.

५:०७
बस आली. बाबांची बस कधी चुकत नाही. दार उघडलं, मी चढले नाही, दार मिटलं.
तिच्या मागे दुसरी येत होती.
"ए किल्लीवाल्या! हिच्यात बसू."
तो वळला. "कुठे जाते?"
"पाटी नाही वाचली. आणि खिडकी मला."

६:०५
"बाकावर बसलात?" फोनवर बाबा.
"दुसरीच बस घेतली, बाबा."
"कितवा नंबर?"
"पाहिला नाही."
पलीकडे कागदांची सळसळ. "बाहेर काय दिसतंय?"
"वीटभट्टी. सायकलवर शिडी घेऊन एक माणूस."
"वीटभट्टी म्हणजे चौदा नंबर," बाबा हरखले. "सहा मिनिटं उशिरा धावतेय. आता परतीची..."
"परतीचं मी बघते."
"बरं." मग, "स्वेटर?"
"नाही आणला."
"बरं."
एका फोनमध्ये दोनदा 'बरं'. बाबांकडून एवढं कधीच मिळालं नव्हतं.

वेळ: पाहिली नाही
"थंडी वाजतेय का?" किल्लीवाल्याने विचारलं.
मी विचार केला. तीन थांबे गेले. तो थांबून राहिला.
"वाजतेय," मी म्हणाले.