दव असताना लावलेली आग

पुंजाबाबावरचा पंचनामा माझ्याच हातचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९९९ साली मी पेठ तालुक्यात वनरक्षक होतो. माघात, गवतावर दव असतानाच, पुंजाबाबा पाड्यातली माणसं घेऊन डोंगरमाथ्यावर जायचा. वरून खाली, वाऱ्याच्या विरुद्ध थोडं थोडं गवत जाळायचा. ऐनाच्या ओल्या डहाळ्यांनी आग आवरत सकाळभरात एक पट्टा काळा करून ठेवायचा. चैत्रातला वणवा त्या पट्ट्याशी येऊन विझायचा.

"थंडीत आग भित्री असती," तो मला सांगायचा.

नवे साहेब आले, त्यांनी धूर पाहिला आणि त्यांचं डोकं फिरलं. असली जाळरेषा काढायची ती खात्यानं, हुकूम आल्यावर! आणि हुकूम यायचा होळीनंतर, गवत वाळून कडकडीत झाल्यावर. मला हे सगळं कळत होतं. तरी 'आरोपीने राखीव जंगलास आग लावली' असं मुकाट लिहिलं. नोकरी प्यारी होती, दुसरं काय!

पुढच्या माघात कुणीच वर गेलं नाही. चैत्रात पायथ्याशी वणवा पेटला आणि तीन दिवस डोंगर जळत राहिला. पुंजाबाबाच्या आज्यानं राखलेले मोह उभे जळाले. आम्ही 'किरकोळ नुकसान' असा अहवाल धाडला. लाज कशाशी खातात, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

२००६ मध्ये नाशिकच्या एका हॉटेलात कार्यशाळा झाली. थंडीत थोडं जाळा, उन्हाळ्यातला मोठा वणवा टळेल, हवेत कार्बन कमी जाईल. टाळ्या! नवी पद्धत म्हणे! प्रात्यक्षिक आमच्याच डोंगरावर ठरलं.

त्या सकाळी मजुरांनी खालून पेटवलं. ज्वाळा सरसर वर चढायला लागल्या, पाहुणे मागे पळाले, मजुरांनी कशीबशी आग विझवली. पुंजाबाबा स्वतःच्या बांधावर उभा राहून ओरडत होता, "वरून लावा रं, वरून!"

"आजोबांना इतकं कळतं, तर ते वर का येत नाहीत?" एका पाहुण्यानं विचारलं. साहेबांनी मला डोळ्यांनीच दटावलं.

पुंजाबाबाच बोलला. "मी जामिनावर हाय. जंगलात पाय ठेवायचा नाय, कोर्टानं सांगलंय. सात वरसं झाली." मग माझ्याकडे वळला. "तू जा ना वर. तुला किती डाव दावलंय मी."

मी गेलो. काय तोंड घेऊन गेलो, ते माझं मला माहीत.