कंगव्याखालचा उजेड

धार लावायच्या पथरीवर लांबीत टेकलेला काळा कंगवा, आणि त्याच्या सरळ पाठीखाली उजेड... दोन्ही टोकांना कंगवा दगडाला चिकटलेला आणि मधे बोटभर जागेत दारातलं ऊन पातळ होऊन पलीकडे जात होतं. संतरामने तो मुद्दाम ठेवला नव्हता. हात मोकळा करायला दिसली ती जागा, एवढंच. कंगवाच वाकला असेल म्हणून त्याने तो उचलून समोरच्या आरशाला लावला. आरशावर कुठेच फट नव्हती. परत पथरीवर ठेवला. परत उजेड.

सोमवार होता. गोरेगावात सोमवारी सलूनं बंद, आणि बंद दुकानात अर्धं शटर वर करून बसायची संतरामची जुनी सवय. आज मात्र तो सवयीने आला नव्हता, वस्तऱ्याचा निरोप घ्यायला आला होता — शेवटचं एकदा धार लावायची, पुसायचा, आणि बुधवारी पुंजाजींचा वस्तरा त्यांच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. बाकीच्या गिऱ्हाइकांना दर वेळी नवं ब्लेड लागतं. वस्तऱ्याने दाढी करून घेणारे म्हातारे पुंजाजी तेवढे उरलेले, स्वतःचा वस्तरा इथेच फडक्यात गुंडाळून ठेवणारे. गेल्या बुधवारी त्यांच्या हनुवटीखाली रक्त आलं. त्यांनी तुरटी स्वतःच दाबून धरली आणि आरशातून बघत म्हणाले, "संतराम, तुहा बी हात गेला रे. बापासारखा."

बापासारखा... त्याचा बाप जळबा, ज्याच्या हाताखाली माणसं दाढी होता होता घोरायला लागायची, त्याचा हात बासष्टाव्या वर्षी गेला. एकाच्या गालाला लागलं, मग दुसऱ्याच्या, आणि एका संध्याकाळी त्याने धोकटी खुंटीला अडकवली, पथरी धुऊन देवघरात ठेवली, आणि ‘आपला हात गेला’ म्हणून ओट्यावर जो बसला तो मरेपर्यंत, चौदा वर्षं, तिथेच बसून राहिला. वस्तऱ्याला परत शिवला नाही. संतराम आता एकसष्ट. दिवाळीपासून वस्तरा अडखळतोय, आणि हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला तर नाहीच. एकटा असला की हात समोर धरून बघायचा, बोटं हलतात का... आणि बघत राहिलं की बोटं हलतातच.

दिवाळीपासून — त्याची नजर कंगव्यावर होती आणि डोक्यात तो शब्द अडकला होता. दिवाळीत काय झालं? दिवाळीत माझी पथरी हातातून निसटून फुटली. आणि मी देवघरातून बाची काढली.

पण तिच्यावर संशय कोण घेणार? दर दसऱ्याला हळदकुंकू, फूल, तेलाचं बोट लागलेली ती पथरी. लहानपणी त्याने तिच्यावर विटकरीचा तुकडा घासला तेव्हा बाने पाठीत धपाटा घातला होता. "दगड न्हाई तो, देव हाय. देवाला घासत न्हाईत." देवाला घासत नाहीत आणि देवाला दोषही देत नाहीत, दोष द्यायला स्वतःचा हात असतोच जवळ. शिवाय नाचता येईना अंगण वाकडं, असं लोकांनी म्हणायला नको. संतरामला त्या म्हणीची सगळ्यात जास्त भीती. पण अंगण खरंच वाकडं असेल, दगडच मधे खोल गेल्याने धार नीट लागत नसेल तर?

शेजारचा सुतार प्रेमसिंग आपला धारेचा दगड महिन्या-दोन महिन्याला घासत बसलेला दिसायचा. "दगड बी झिजते, भाऊ," तो म्हणायचा, "त्याला बी सपाट करा लागते." संतराम हसायचा. सुताराच्या दगडाला कुठे हळदकुंकू लागतं!

त्याने उठून पडीक आरशाची जाड काच जमिनीवर टाकली, प्रेमसिंगकडून पॉलिश पेपर आणला, ओला करून काचेवर चिकटवला. पथरीवर पेन्सिलने आडव्या रेघा ओढल्या. मग हात थांबला. इतक्या वर्षांचं कुंकू दगडाच्या बारीक भोकांत बसलं होतं. घासून सपाट केला आणि वस्तरा तरीही अडखळला, तर देवही जाईल आणि हातही... पुंजाजींना सांगायला मग दगडाचं कारणसुद्धा उरणार नाही. त्याने डोळे मिटून दगडाला लावलेला हात एकदा कपाळाला नेला आणि घासायला सुरुवात केली.

टोकांच्या रेघा लगेच गेल्या. मधल्या तशाच राहिल्या, जणू त्यांना कुणी शिवलंच नाही. पाणी राखाडी झालं, मग किंचित लालसर. तो पाणी टाकत होता, घासत होता, पुन्हा रेघा ओढत होता; खांदा भरून आला, दुसरा पेपर लागला, आणि मधल्या रेघा हळूहळू, नाइलाजाने गेल्यासारख्या गेल्या. कंगवा ठेवला. उजेड नव्हता.

मग वस्तरा. पथरीवर तो असा सरकला की संतरामला खाली बघावं लागलं — दगडच आहे ना? चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा फिरवला, आणि मनगटाच्या वर धार नुसती टेकवली. केस आपसूक गळून पडले. हात? हात काहीच करत नव्हता. इतके महिने मी दाबत होतो, दाबलं म्हणून थरथरत होतो, आणि थरथरतो म्हणून आणखी दाबत होतो... तो एकटाच मोठ्याने हसला. छातीवरून धान्याचं पोतं उतरवल्यासारखं वाटलं. गेला नाही! माझा हात गेला नाही!

हसता हसता त्याची नजर राखाडी पाण्यावर गेली. एवढा खळगा मी पाडला? आठवड्याला एक दाढी, तीही दिवाळीपासून... एवढ्याने दगड झिजत नाही. खळगा आधीचाच. बाच्या चाळीस वर्षांच्या हाताचा. म्हणजे त्या संध्याकाळी, बाने पथरी देवघरात ठेवली तेव्हाही...

शटरखालून वाकून त्याची बायको रूपाबाई डबा घेऊन आत आली. "सुट्टीच्या दिवशी काय घासून राहिले?"

"बाचा हात थरथरायचा का गं?" त्याने विचारलं.

"न्हाई बा." तिने डबा खाली ठेवला. "शेवटच्या वरसापावतर मह्या सुईत दोरा तेच ओवून देत. एका झटक्यात. काहून?"

"काहून न्हाई."

ती डबा उघडत राहिली. वांग्याचा वास आला, आणि संतरामला कडकडून भूक लागल्याचं कळलं. किती दिवसांनी अशी भूक लागली होती, आणि त्या भुकेची त्याला लाजही वाटली. तो दगडाच्या सपाट पाठीवरून अंगठा फिरवत राहिला. बा, तुहा हात गेला नव्हता... चौदा वर्षं ओट्यावर बसलास, सुईत दोरा ओवत. बुधवारी पुंजाजींना सांगायचं तेच आता पहिलं, स्वतःचं मागाहून.

"पानी फेकून देऊ का हे?" रूपाबाईने काचेकडे हात केला.

"राहू दे," तो म्हणाला. "थोडं राहू दे."