बाबा धरून

सोमवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि आदल्या दिवशी त्यांना सगळं घर एका गोल टेबलाभोवती जेवताना बघायचं होतं. ऑपरेशनचा धोका डॉक्टरांनी टक्क्यांत सांगितला होता. टेबलाचा कोणीच सांगितला नव्हता.

आमच्या घरात दोन माणसं कधी भांडत नाहीत. मावशी आणि मोठे काका शेजारी बसले, तर एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी करतात. काका आणि त्यांचा वकील मुलगा बसले, तर हवापाण्यावर बोलतात. पण तिघांना ओळीने बसवा, की जुन्या घराची वाटणी निघालीच. आमचं भांडण तिघांचंच असतं: एक बोलतो, दुसरा दुखावतो, आणि तिसरा "जाऊ दे ना" म्हणून रॉकेल ओततो. तेव्हा अट अशी होती, की टेबलाभोवती कुठलीही लागोपाठची तीन माणसं घेतली, तरी ती निरुपद्रवी निघाली पाहिजेत.

हे काम भावोजींकडे गेलं. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, गणिताचे प्राध्यापक. त्यांची उभी हयात याच प्रश्नात गेलेली. फक्त माणसांच्या जागी त्यांनी ठिपके घेतले होते. त्यांचं प्रमेय त्यांनी आईला भाजी निवडता निवडता समजावलं. कुठलीही दोन माणसं घ्या. त्यांच्या जोडीला तिसरं म्हणून बाकीच्यांतली निम्म्याहून जास्त चालत असतील, तर सगळ्यांना सामावणारं तसं वर्तुळ असतंच असतं.

"असतंच ना? मग सांगा, कोण कुठे," आई म्हणाली.

"असतं, एवढं सिद्ध केलंय. कुठे आहे ते शोधावं लागतं."

"आमच्या कपाटाच्या किल्लीसारखं."

"शिवाय संख्या पुरेशी मोठी लागते."

"म्हणजे किती?"

भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले. "प्रमेयात एवढंच म्हटलंय. पुरेशी."

"मग वरच्या मजल्यावरच्यांनाही बोलावू का?"

"आई, आहेत तेवढे पुरेत," ताई म्हणाली. तिने ते गणितातल्या अर्थाने म्हटलं नव्हतं.

भावोजींनी एकेकाला फोन करून विचारलं, तुम्हाला कोणती जोडी चालणार नाही? बाबांना समोर बसून विचारलं. "मला सगळे चालतात," बाबा म्हणाले. भावोजींनी विश्वास ठेवला. ठिपके खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना सवय नव्हती.

शनिवारी दुपारी त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि आम्हाला बोलावलं. वर्तुळ जमलं होतं. बाबांच्या एका हाताला ताई, दुसऱ्या हाताला मी. ताईने एक चक्कर मारली.

"अहो, दोन माणसं एकदम दिसली की बाबा काय करतात?"

"काय करतात?"

"तुलना."

खरं होतं. एकट्या माणसाशी बाबा लोण्यासारखे मऊ. दोघं दिसले, की एकाला दुसऱ्याचं उदाहरण देतात. ताई आणि मी, काका आणि मावशी. परवा तपासायला आलेल्या दोन डॉक्टरांनासुद्धा सोडलं नाही. म्हणजे बाबा आणि आणखी कोणीही अशी जोडी घेतली, की चालणाऱ्या तिसऱ्यांची संख्या शून्य. प्रमेय दारातच अडलं. कुणीही हे फोनवर सांगितलं नव्हतं, कारण बाबांना प्रत्येकाने गृहीतच धरलं होतं.

भावोजींनी खुर्च्या पुन्हा हलवल्या, पुन्हा पुन्हा हलवल्या. अशा वेळी गणितात एक युक्ती असते म्हणे: उरलेसुरले ठिपके पोटात घ्यायला एक लवचिक तुकडा आधीच राखून ठेवायचा. आमच्या घरात तो तुकडा म्हणजे आई. आईच्या एका बाजूला बाबा खपले असते, पण आईला दुसरी बाजूही होती, आणि तिथे कोणीतरी बसणारच होतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलंच. "काय जावईबुवा, जमलं का वर्तुळ?"

"जमतं," भावोजी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही. "एक ठिपका तेवढा बाहेर राहतो."

"कोण?"

भावोजींनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला. बाबा छातीवर हात धरून हसले.

"मी नसलो की सगळे बसतात, असंच ना? मग एवढी घाई कशाला? थोडं थांबायचं."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. तिथे काही काम नव्हतं.

रविवारी पाहुणे आले आणि बाबांनी स्वतःची आरामखुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली. "मी इथून बघतो. मला बघायचंच होतं," ते म्हणाले. ताईने हाताला धरून ओढलं, मी विनवलं, आईने डोळे वटारले. "सूप गार होतंय," एवढंच उत्तर.

वर्तुळ पूर्ण झालं. मावशीने काकांच्या गोळ्यांची चौकशी केली. काकांचा वकील मुलगा शेजारी बसलेल्याशी पावसापाण्याचं बोलला. मिठाची बाटली कुठेही न अडकता सगळ्यांच्या हातून फिरून आली. असं जेवण आमच्या घराने पाहिलं नव्हतं. भावोजींचा सिद्धांत पहिल्यांदाच खऱ्या माणसांवर खरा ठरत होता आणि त्यांचं ताट तसंच भरलेलं होतं.

शेवटी ते ताट घेऊन बाबांकडे जायला उठू लागले. खिडकीपाशी बसूनच बाबांनी हात वर केला.

"उठू नका. तुम्ही उठलात तर मोडेल."

भावोजी अर्धे उठलेले, तसेच थांबले. त्यांच्या डाव्या हाताला मावशी होती, उजव्या हाताला काका, काकांपलीकडे वकील.

"अहो, बसा," ताई हळूच म्हणाली.

ते बसले. मावशीने त्यांच्याकडे मीठ सरकवलं. त्यांनी ते पुढे दिलं.