नव्या कोनफळाचा घास

नवं कोनफळ जमिनीतून कधी काढायचं, हे वस्तीत एकच माणूस सांगू शकत असे, आणि तो माणूस म्हणजे वापोन. खुद्द प्रमुखांनाही त्या दिवसांत त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागे. त्याच्या कुळाचं कामच ते. त्याने शब्द काढायचा, मग पहिलं कोनफळ प्रमुखांच्या घरी जायचं, दुसरं चर्चमध्ये, आणि त्यानंतर बाकीच्यांच्या चुली पेटायच्या. त्याआधी कुणी चोरून खाल्लं तर साऱ्या वस्तीचे मळे सडतात, असं वापोन मानायचा. खरं सांगायचं तर आमच्या लिफू बेटावर आम्ही सगळेच मानतो.

एवढा मान पदरात पडला की माणूस थोडा ताठ होतोच. वापोन जरा जास्तच झाला होता. त्याची बायको एसेत म्हणायची, "आमचे हे झोपेतसुद्धा मान खाली घालत नाहीत."

त्या वर्षी उत्सव समितीची माणसं त्याच्याकडे आली. रीतीप्रमाणे कापड आणि तंबाखू समोर मांडून त्यांनी मागणं घातलं. राजधानीचे, नूमेआचे पाहुणे सुट्टीत येतात, मोठी बोटही तेव्हाच लागते, तर नव्या कोनफळाचा दिवस ईस्टरच्या पलीकडे ढकलता येईल का? पाहुण्यांना नाच बघायचा असतो, बुन्या खायचा असतो. केळीच्या पानांत कोनफळ, मासा आणि नारळाचं दूध बांधून तापल्या दगडांत शिजवलेला बुन्या घरोघर होतो, पण पाहुणे विमानातून उतरल्या उतरल्या एसेतच्या बुन्याची चौकशी करत.

वापोनने विचार केला, फार केला असं नाही. "कोनफळ काय कुठे पळून जातंय?" तो म्हणाला आणि त्याने कापड उचललं. आमच्याकडे कापड उचललं की शब्द दिला.

"अहो, त्या कोनफळाला तरी विचारलंत का?" एसेत चुलीजवळून ओरडली. सगळे हसले. वापोनही हसला.

तिच्या पोटात गाठ वाढत होती हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे नूमेआच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि घरी परत पाठवलं. खावंसं वाटेल ते द्या, एवढंच ते म्हणाले. विमानात वापोन खिडकीबाहेर बघत बसला होता आणि एसेत त्याला समजावत होती, म्हणजे बघा.

तिला खावंसं काही वाटत नव्हतं. मासा पुढे केला की ती मान फिरवायची. मुलगी लिदी पपई कुस्करून भरवायची, तीही नावापुरती जायची. मग एका सकाळी एसेत आपणहून म्हणाली, "नव्या कोनफळाचा एक घास मिळाला तर खाईन."

मळ्यातल्या वेली वाळून पिवळ्या झाल्या होत्या. एरवी वापोनने कधीचाच शब्द काढला असता. पण उत्सव अजून लांब होता, आणि तो लांब ठेवला होता त्यानेच.

लिदीने त्याला अंगणात गाठलं. "बाबा, प्रमुखांकडे जा. कापड घेऊन जा आणि शब्द परत मागा."

"आमच्या कुळात कुणी शब्द परत मागितलेला नाही."

"मग तुम्ही मागा! काय होईल? लोक हसतील?"

"बोट ठरलीय, विमानं ठरलीयत. चारचौघांत कापड उचललंय मी."

"आई मरतेय, बाबा. आणि तुम्ही बोटीचं सांगताय मला?"

तो काठी घेऊन मळ्यात गेला, पहिल्या वेलीपाशी बसला. काठी मातीत घालायला त्याचा हात धजावेना. शब्द न काढता खणणं त्याच्याच्याने होणारं नव्हतं. आणि प्रमुखांच्या दारात जाऊन 'चुकलो' म्हणणं, तेही होणारं नव्हतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. माणूस आपल्या लाजेला फार मोठमोठी नावं देतो, वापोनने तिला शब्द हे नाव दिलं होतं.

संध्याकाळी तो कोठाराच्या झोपडीत गेला. गेल्या सालची थोडी कोनफळं उरली होती, सुरकुतलेली, कोंब फुटलेली. त्यातलं बरं एक घेऊन त्याने कोंब खुडले, दोरे काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः चुलीशी बसून ते नारळाच्या दुधात शिजवलं. दूध त्याने भरपूर घातलं. लिदीला सांगितलं, तू जरा बाहेर जा.

"एसेत, ऊठ. नवं कोनफळ आणलंय."

तिने डोळे उघडले. "प्रमुखांनी दिलं खणायला?"

"दिलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याची नजर ताटलीवर होती.

"आणि शिजवलं कुणी?"

"मी."

"अगं बाई! मग खायलाच हवं," ती म्हणाली. "भरवा."

त्याने एक घास भरवला. तिने तो तोंडात बराच वेळ घोळवला आणि गिळला. दुसराही घेतला. "गोड आहे हो," ती म्हणाली. "साल चांगलं जाणार. मीठ मात्र विसरलात." मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. वापोनला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन तो रडला.

त्यानंतर तिने काही खाल्लं नाही. उत्सवाच्या आधल्या आठवड्यात ती गेली.

उत्सव थांबवू का, असं समितीने विचारलं. वापोन म्हणाला, नको, शब्द दिलाय. मग ठरल्या दिवशी बोट लागली, पाहुणे उतरले, गळ्यांत फुलांच्या माळा पडल्या, नाचणाऱ्यांनी अंगाला रंग फासले. मैदानात कोनफळांचे ढीग लागले, प्रत्येक कुळाचा वेगळा. दगडांवर बुन्या शिजत होते, पण ते इतर बायकांनी बांधले होते.

एसेतचा धाकटा भाऊ तोबी तिच्या मातीसाठी पूर्वेकडच्या गावाहून आला होता तो अजून राहिला होता. झाडाखाली तो वापोनच्या शेजारी येऊन बसला. डोळे सुजलेले. त्याला थोडं बरं वाटावं म्हणून वापोन म्हणाला, "तोबी, तुला सांगायचं राहिलं. ती उपाशी गेली नाही. मी नवं कोनफळ भरवलं तिला. गोड आहे म्हणाली."

तोबीने मान वर केली. "नवं?"

"हो."

"मग माझा वाटा?"

वापोनला कळेना.

"दाजी, ती तुमच्या घरी आली तेव्हापासून नव्या कोनफळाचा अर्धा तुकडा माझ्याकडे आल्याशिवाय तिने घास तोंडात घातलेला नाही. वादळाच्या साली रस्ते बंद होते, तर स्वतः चालत आली होती घेऊन. तुम्हाला म्हणाली का, तोबीला पाठवा?"

"नाही," वापोन म्हणाला. "थकली होती रे."

"थकली होती, पण भान होतं. शेवटच्या दिवशी फोनवर माझ्या म्हाताऱ्या डुकरिणीचीसुद्धा चौकशी केली तिने. ते नवं नव्हतं, दाजी."

वापोनने मान हलवली. "गेल्या सालचं होतं."

"प्रमुखांकडे गेला नाहीत?"

"नाही."

"ते वाट बघत होते तुमची. मातीच्या दिवशी मला म्हणाले, रोज दार उघडं ठेवलं होतं. त्यांना आपणहून येता येईना, शब्द तुमचा होता."

पलीकडे ढोल सुरू झाले.

"मग गोड आहे असं का म्हणाली ती?" वापोनने विचारलं.

तोबीने मनगटाने डोळे पुसले. "इतकी वर्षं संसार केलात तिच्याशी," तो म्हणाला, "आणि हे मला विचारता?"

माईकवरून वापोनचं नाव पुकारलं गेलं. तो उठला. प्रमुख पुढच्या रांगेत होते, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर लिदी उभी होती, आणि तिच्यामागे पाहुणे कॅमेरे सरसावून होते. दरवर्षी त्याचा आवाज समुद्रापर्यंत जायचा. आज तो माईक धरूनही ऐकू येईना. वापोनने मान खाली घातली.

"कोनफळ तयार आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "कधीचंच तयार होतं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या कुणी वाजवल्या नाहीत.